मुलांच्या कॉलेजसाठी किती साठवायचे? नागपूरच्या पालकांसाठी आकड्यांसह हिशेब

"शिक्षणाला पन्नास लाख लागतील", "आता एक कोटीच्या खाली भागत नाही" असे आकडे ऐकले की पालक एक तर घाबरून भलतीच पॉलिसी घेतात, नाहीतर एवढे आपल्याच्याने होणार नाही म्हणून काहीच करत नाहीत. खरा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: कोर्स कोणता, कॉलेज कोणत्या प्रकारचे, आणि मूल घरून जाणार की बाहेरगावी राहणार. मूल तीन वर्षांचे असताना यातले काहीच माहीत नसते. तरीही एक किमान लक्ष्य पक्के करता येते आणि नागपुरात राहणाऱ्याला ते तुलनेने सोपे जाते.

आधी आजचा खर्च कागदावर मांडा

एकाच शहरात फीचा फरक किती असतो ते बघा. अनुदानित कॉलेजात बीए, बीकॉम, बीएस्सीच्या अनुदानित तुकडीची वर्षाची फी काही हजारांत भागते. व्हीएनआयटीत, इतर एनआयटींप्रमाणेच, बी.टेक.ची ट्यूशन फी २०१६ मध्ये वर्षाला सव्वा लाख ठरली. घरचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश. शिवाय तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी कॉलेजनिहाय ठरवते आणि आपल्या संकेतस्थळावर टाकते. प्रॉस्पेक्टसवर न जाता आकडा तिथूनच घ्या. एमबीबीएसची तऱ्हा सगळ्यांत टोकाची. मिहानमधल्या एम्समध्ये शिक्षण शुल्क नावापुरते आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी कॉलेजांत ते आवाक्यात आहे, पण खासगी कॉलेजात वर्षाला दहा लाखांच्या आसपास आणि अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या पुढेही जाते.

आता एक नमुना. इंजिनीअरिंगची चार वर्षे, खासगी कॉलेज, मुलगी मानेवाड्यातून हिंगणा रोडला जाऊन-येऊन शिकते असे धरू. फी वर्षाला १,५०,०००. परीक्षा शुल्क, पुस्तके, प्रोजेक्ट मिळून २०,०००. पेट्रोल किंवा बस-मेट्रो, डबा नसेल त्या दिवशीचे खाणे आणि हातखर्च महिन्याला ३,०००, म्हणजे वर्षाला ३६,०००. वर्षाचे झाले २,०६,०००, चार वर्षांचे ८,२४,०००. त्यात लॅपटॉपचे ६०,००० मिळवा. साधारण ९ लाख.

तीच मुलगी, तीच फी, पण पुण्यात. खोली आणि मेस मिळून महिन्याला १२,००० धरले तर अकरा महिन्यांचे १,३२,००० होतात. घरी येण्या-जाण्याचे १५,००० धरा. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाडे दुप्पट-तिप्पट होते, तेव्हा हा आकडा कमी करू नका. चार वर्षांची बेरीज जवळपास १५ लाखांवर जाते. वरचे सहा लाख शिक्षणाचे नाहीत, राहण्या-जेवण्याचे आहेत.

हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या डोळ्यासमोर असलेल्या दोन-तीन कॉलेजांची चालू वर्षाची फी काढा आणि याच रकान्यांत भरा.

किमान लक्ष्य कोणते ठेवायचे

आमचे स्पष्ट मत असे: नागपुरात घरी राहून होणाऱ्या खासगी व्यावसायिक पदवीचा पूर्ण खर्च, म्हणजे आजच्या भावाने सुमारे ९ लाख, एवढे प्रत्येक मुलामागे साठवायचे. त्यापेक्षा स्वस्त जागा मिळाली तर पैसे उरतील आणि पदव्युत्तर शिक्षणाला लागतील. महाग मिळाली तर वरचा फरक त्या वेळचा पगार, शिष्यवृत्ती आणि कर्ज यांतून काढायचा. खासगी एमबीबीएसचे साठ-सत्तर लाख हे लक्ष्य नोकरदाराने ठेवू नये. त्यापायी घराचा हप्ता आणि म्हातारपणाची तरतूद दोन्ही आवळली जातात, आणि मुलाला शेवटी वाणिज्य शाखा आवडते.

या बचतीच्या आधी तीन गोष्टी झालेल्या हव्यात: सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी हाताशी रक्कम, कुटुंबाचा आरोग्य विमा, आणि कमावत्या पालकाचा वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट टर्म विमा. टर्म विमा नसेल आणि कमावता माणूस गेला तर एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारा ठरलेला हप्ता) त्याच महिन्यात बंद पडते आणि मुलाच्या शिक्षणाची सगळी योजना तिथेच संपते. निवृत्तीची बचतही थांबवू नका. शिक्षणासाठी बँक कर्ज देते, म्हातारपणासाठी कोणी देत नाही.

महिन्याला किती

शिक्षणाचा खर्च वर्षाला ८ टक्के वाढेल असे धरा. या वेगाने नऊ वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि अठरा वर्षांत चौपट. आजचे ९ लाख दहा वर्षांनी १९.४ लाख होतील, पंधरा वर्षांनी २८.५ लाख.

दुसरा आकडा बचतीचा. महिन्याला १,००० रुपये, वर्षाला सरासरी १० टक्के परतावा धरून, अठरा वर्षांत सुमारे ६ लाख होतात, पंधरा वर्षांत ४.१४ लाख आणि दहा वर्षांत २.०५ लाख. पाच वर्षेच हातात असतील तर शेअर बाजाराचा भरवसा धरता येत नाही. म्हणून ७ टक्के धरा, ७१,००० च्या थोडे वर जमतात. कॅल्क्युलेटरमध्ये १२ किंवा १५ टक्के घालून हप्ता कमी दाखवणारे खूप भेटतील. तो कमी हप्ता कागदावरच कमी असतो, तूट बारावीच्या वर्षी दिसते.

मुलगी ३ वर्षांची असेल तर २८.५ लाखांना ४.१४ लाखांनी भागा. महिन्याला साधारण ६,९०० रुपये येतात. तरुण जोडप्याला सुरुवातीला एवढे जड जाते. त्यावर तोडगा म्हणजे हप्ता दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायचा. मग सुरुवात ४,४०० रुपयांवर करता येते. पंधराव्या वर्षी हप्ता १३,००० च्या जवळ गेलेला असेल, पण तोवर पगारही वाढलेला असतो. फंडाच्या अर्जात 'टॉप-अप' नावाचा रकाना असतो, तो पहिल्याच दिवशी भरा. दरवर्षी आठवणीने वाढवू म्हणणाऱ्यांचा हप्ता सहसा आहे तिथेच राहतो.

मूल ८ वर्षांचे, तिसरीत असेल तर त्याच पद्धतीने ७,००० पासून सुरुवात करावी लागते, हप्ता न वाढवता साधारण ९,५००. दोन मुले असतील तर हिशेब वेगवेगळा करा. मात्र त्यांच्या वयात दोन-तीन वर्षांचेच अंतर असेल तर एक-दोन वर्षे दोघांची फी एकाच वेळी भरावी लागेल, ती वर्षे आधीच कॅलेंडरवर खुणावून ठेवा. एका मुलामागे हातात येणाऱ्या पगाराच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका. गेलात तर दीड-दोन वर्षांत हप्ता मोडतो.

खर्च अठराव्या वर्षी सुरू होत नाही

नागपुरात हे फार घरांत होते: कॉलेजसाठी नीट साठवलेले पैसे दहावीनंतरच मोडले जातात, जेईई-नीटच्या क्लासपायी. दोन वर्षांचा क्लास, त्याच्याशी जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय, टेस्ट सिरीज, आणि नंबर नाही लागला तर एक वर्षाचा ड्रॉप. ही रक्कम सहज लाखांत जाते आणि ती मूल पंधरा-सोळा वर्षांचे असताना लागते. म्हणून तिचे वेगळे लक्ष्य आणि वेगळे खाते ठेवा. दहावीच्या आधी तीन-चार वर्षे आवर्ती ठेव चालू केली तरी काम भागते. क्लासची फी एकरकमी भरण्यावर सूट देतात, पण मुलाने चार महिन्यांत क्लास सोडला तर परतावा मिळवताना पालक रडकुंडीला येतात. हप्त्याने भरा, सूट गेली तरी चालेल.

पैसे कुठे ठेवायचे, कुठे नाही

सात वर्षांहून जास्त काळ असेल तर साधारण साठ-पासष्ट टक्के रक्कम साध्या इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) किंवा फ्लेक्सी-कॅप फंडात (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा) एसआयपीने जाऊ द्या, उरलेली सुकन्या समृद्धी किंवा पीपीएफ या सरकारी बचत योजनांत.

सुकन्या खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत उघडता येते, सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, जवळच्या पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. २०२४ च्या जानेवारीत तो ८.२ टक्के झाला. व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, म्हणून हप्ता ५ तारखेच्या आत पडायला हवा. बहुतेकांची चूक वेगळीच असते. खाते मुदतपूर्ण होते ते उघडल्यापासून २१ वर्षांनी. मुलगी ३ वर्षांची असताना उघडले तर ती २४ वर्षांची होईल तेव्हा, आणि तोवर पदवी होऊन गेलेली असते. मध्ये शिक्षणासाठी काढता येते ती आदल्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या निम्मी रक्कम, तीही मुलगी १८ वर्षांची किंवा दहावी पास झाल्यावर. महिन्याला २,००० भरले तर पंधरा वर्षांत सुमारे ७ लाख होतात, त्यातले पदवीसाठी मोजायचे फक्त साडेतीन.

मुलगा असेल तर पीपीएफ. तो दोनेक वर्षांचा असताना उघडले तर पंधरा आर्थिक वर्षांची मुदत बरोबर प्रवेशाच्या सुमारास संपते. व्याज १ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. मुलाच्या नावाचे आणि पालकाचे खाते मिळून वर्षाला दीड लाखांचीच मर्यादा, हे विसरून जास्त भरले तर वरच्या रकमेवर व्याज मिळत नाही.

म्युच्युअल फंड मुलाच्या नावाने घेऊ नका. मूल १८ वर्षांचे झाले की अज्ञान खात्यातली एसआयपी थांबते आणि व्यवहार अडतात. मग पॅन, केवायसी, नवे बँक खाते, सहीचा दाखला हे सगळे पूर्ण होईपर्यंत पैसे निघत नाहीत. प्रवेश नेमके त्याच वयात असतात. फंड आई किंवा वडिलांच्या नावाने वेगळ्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) ठेवा आणि दुसऱ्या पालकाला नॉमिनी करा.

पारंपरिक 'चाइल्ड प्लॅन' पॉलिसीत विमाही अपुरा आणि परतावाही महागाईच्या मागे. घेतली असेल तर तिचे समर्पण मूल्य, म्हणजे आता बंद केली तर हातात काय येईल, ते विचारा, पुढचे हप्ते थांबवून 'पेड-अप' करता येते का ते पाहा, आणि मगच ठरवा.

पतसंस्थेत अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते म्हणून शिक्षणाचे पैसे ठेवणारे बरेच आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रति ठेवीदार प्रति बँक ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. भिशीलाही नाही.

आणि प्लॉट. नागपुरात मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून बेसा, जामठा, उमरेड रोडला प्लॉट घेऊन ठेवायची रीतच आहे. अडचण भावाची नाही, वेळेची आहे. फीसाठी जुलैत दोन लाख हवे असतात आणि प्लॉटचा तुकडा विकता येत नाही. गिऱ्हाईक आले तरी त्याची बँक आरएल (प्लॉट नियमित केल्याचे पत्र) मागते, लेआउट नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचा मंजूर आहे का पाहते, एनएचा (अकृषक वापराचा) आदेश आणि सातबारा जुळतो का तपासते. एक कागद कमी असला की सौदा सहा महिने लांबतो, आणि गरज दिसली की भाव पाडून मागितला जातो. प्लॉट असेलच तर मूल नववीत असतानाच कागद पूर्ण करून घ्या आणि विकायचा असेल तर दहावी-अकरावीतच विका.

नववीपासून पैसे बाजारातून बाहेर काढायला लागा

२०२० मध्ये जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्क्यांनी घसरला. पुढे तो सावरला, पण फी भरायची तारीख बाजारासाठी थांबत नाही. नववी संपताना फंडातली एक तृतीयांश रक्कम मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा) हलवा, दहावी संपताना राहिलेल्यातली निम्मी, अकरावी संपताना उरलेली. बाजार जोरात असला तरी ठरलेल्या वेळी हलवा. बहुतेक पालक "अजून एक वर्ष थांबू" म्हणून इथेच फसतात. तीन वर्षांत विभागून काढल्याने करही वाचतो: वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटी (शेअर) फंडाच्या नफ्यातले सव्वा लाख दर आर्थिक वर्षी करमुक्त असतात, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो.

मूल आठवीत आहे आणि काहीच साठलेले नाही

पाच वर्षांत ९ लाखांचे १३.२ लाख होतात आणि ते जमवायला महिन्याला साडेअठरा हजार लागतात. हे बहुतेकांना जमणार नाही, आणि तशी गरजही नाही. फी एकदम भरायची नसते, चार वर्षांत भरायची असते. महिन्याला ९,००० पाच वर्षे आवर्ती ठेवीत टाकले तर साधारण ६.४ लाख जमतात. प्रवेशानंतरही तेच ९,००० चालू ठेवले की चार वर्षांत आणखी ४.३ लाख फीकडे वळतात. राहिलेले अडीच लाख शिष्यवृत्ती किंवा छोट्या कर्जाने भागतात. उशीर झाला म्हणून सगळे पैसे शेअर बाजारात टाकून भरपाई करायला मात्र जाऊ नका.

दाखले: इथे अर्धी फी वाचते किंवा जाते

उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सेसमध्ये ट्यूशन आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची मर्यादा तीच. प्रवेश कॅप फेरीतून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की लाभ गेला. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. नागपुरातली काही जुनी कॉलेजे आता खासगी विद्यापीठे झाली आहेत, तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजचा आजचा दर्जा विचारून घ्या.

दाखल्यांची कामे अकरावीच्या दिवाळीपर्यंत सुरू करा. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण वडील-आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पुरावे जोडावे लागतात. आडनावात एक अक्षर वेगळे असले तरी त्रुटी निघते. नॉन-क्रिमिलेयरची मुदत प्रवेशाच्या वर्षात चालू आहे का ते पाहा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नवा काढा, जुना चालत नाही. अधिवासाचा दाखला एकदाच लागतो, तो आधीच उरकून टाका. ड्रॉप घेतला असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र करा. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. मुलाची दोन बँकांत खाती असतील तर आधार कुठल्या खात्याला जोडले आहे ते तपासा, नाहीतर पैसे विसरलेल्या खात्यात जाऊन पडतात. पहिल्या वर्षी मंजूर झाले म्हणून थांबू नका, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो.

मूल लहान असताना या योजना गृहीत धरून हप्ता कमी करू नका. योजना बदलतात आणि तुमचे उत्पन्नही ८ लाखांच्या पुढे जाऊ शकते.

कर्ज घ्यायचे तर किती

साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी योजनेतल्या संस्थांसाठी, घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के सवलत मिळते. हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. ५ लाख कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० येतो, तोही मधले व्याज तुम्ही भरत गेलात तरच. न भरता सोडले की ते मुदलात मिसळते. पूर्ण रक्कम उचलल्यावर हे व्याज महिन्याला साधारण ४,१७० होते, एसआयपी संपल्यावर मोकळा झालेला हप्ता त्याकडे वळवा. कर्जाची एकूण रक्कम त्या शाखेच्या मुलांना त्या कॉलेजातून मिळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको. तो पगार कॉलेजच्या जाहिरातीतल्या सर्वोच्च पॅकेजवरून काढू नका, मधल्या मुलांना काय मिळाले ते गेल्या वर्षी पास झालेल्या दोघा-तिघांना विचारा.

बारावी झाल्यावर येणाऱ्या जूनमध्ये पहिल्या वर्षाची पूर्ण फी, वर आणखी पन्नास हजार, बचत खात्यात तयार हवेत. जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क भरायला दोन-तीनच दिवस असतात. पुढच्या फेरीत कॉलेज बदलले तर आधी भरलेले पैसे परत यायला वेळ लागतो आणि नवीन कॉलेज तेवढे थांबत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम मागाहून येते म्हणून काही ठिकाणी आधी पूर्ण फी मागतात. इक्विटी फंडातून पैसे यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, मुदत ठेव शाखेत जाऊन मोडायची तर रविवार आडवा येतो, आणि यूपीआयची तुमच्या बँकेची रोजची मर्यादा फीपेक्षा कमी असू शकते. म्हणून मे महिन्यातच नेट बँकिंगची मर्यादा वाढवून घ्या.